दसऱ्याची नवी चेन

आमच्या घरात नवीन वस्तू वापरायची पद्धत नाही.

म्हणजे आम्ही आणतो. हौसेनं आणतो. पण आणली की तिला कुंकू लावायचं, कपाटात ठेवायचं आणि जुनीचा जीव जाईपर्यंत जुनीच वापरायची. नवीन निघणार ती सणाला, नाहीतर पाहुणे आले की. टीव्हीचा रिमोट सात वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, बटणं आम्ही अंदाजानं दाबतो. माझ्या लग्नासाठी शिवलेला सूट मी लग्नातसुद्धा घातला नाही, ‘एखाद्या चांगल्या प्रसंगासाठी’ ठेवून दिला! (वसुधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ही गोष्ट अजून मनात ठेवली आहे.)

तर ह्याच पद्धतीपायी मागच्या दसऱ्याला मी वसुधाच्या वर्षभराच्या मेहनतीचं वाटोळं करता करता राहिलो.

वसुधा शाळेत गणित शिकवते. पंचेचाळिशी उलटल्यावर तिला सायकलचं वेड लागलं. गिअरची सायकल आली, हेल्मेट आलं, पहाटे साडेपाचला शिट्टी मारणाऱ्या मैत्रिणी आल्या. ह्या बायकांचा ग्रुप दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जानापावचा डोंगर चढतो. महूच्या पुढपर्यंत सायकली पिकअपमध्ये, आणि मग घाटाच्या पायथ्यापासून थेट वरच्या मंदिरापर्यंत पॅडल मारायचं. नियम एकच: मध्ये पाय टेकवायचा नाही! आदल्या वर्षी वसुधानं शेवटच्या वळणावर पाय टेकवला. शेवटचा तुकडा सायकल ढकलत गेली. तेव्हापासून रोज सकाळचा चहा झाला की म्हणायची, “अहो, ते वळण माझ्या स्वप्नात येतं. ह्या वर्षी मेले तरी पाय टेकवणार नाही.”

आता सायकलची देखभाल कुणाकडे? माझ्याकडे! कुणी दिली? मीच घेतली! तुकोगंजातल्या ऑफिसात मी दिवसभर फायली सरकवतो, पण मोबाइलवर सायकल दुरुस्तीचे इतके व्हिडिओ पाहिलेत की चेनची पिन काढायचं हत्यारसुद्धा मी मागवून ठेवलं होतं. (ते मात्र मी लगेच वापरायला काढलं. दर रविवारी. गरज नसताना.)

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी सायकल बडा गणपतीजवळच्या राजूभियाच्या दुकानात नेली. राजूभियानं चेनच्या कड्यांमध्ये एक पत्र्याचं माप टेकवलं. ते खट्‌कन आत गेलं.

“भिया, चेन तो गई आपकी.”

“गेली म्हणजे? चालतेय की एकदम मस्त!”

“चल तो रही है. पर घिस-घिस के लंबी हो गई. अभी बदल लो तो चेन में ही निपट जाओगे. नहीं बदली, तो ये पीछे की कैसेट को खा जाएगी.”

मागच्या चाकाला दातेरी चकत्यांचा जो थर असतो, त्याला हे लोक कॅसेट म्हणतात. चेन ताणली की तिच्या कड्या दात्यांवर नीट बसत नाहीत, दाते घासत राहतात आणि टोकदार होत जातात. हे राजूभियानं मला दोनदा समजावलं. मी दोनदा मान डोलावली, नवी चेन विकत घेतली आणि तो ती बसवायला लागला तर झडप घालून त्याच्या हातातून डबी काढून घेतली. कोरी करकरीत चेन! आणि ती लावायची कधी, तर साध्या बुधवारी?

“भिया, मैं के रिया हूँ, अभी डाल लो.”

“दसऱ्याला टाकू, राजूभिया. मुहूर्तावर!”

राजूभियानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पोह्यांवर आमच्याकडचा जिरावण मसाला नको म्हणालो होतो.

घरी वसुधानं विचारलं, “काय म्हणाले राजूभिया?”

“काही नाही, सब बढिया. नवीन चेन आणून ठेवलीय. दसऱ्याला टाकतो, दुसऱ्या दिवशी तुझी राइड. कोरी चेन! उडत जाशील तू, उडत!”

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. वीस वर्षांच्या अनुभवानंतरही ठेवला, ह्याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पुढचे सहा महिने ती त्याच जुन्या चेनवर रोज सराव करत होती. चढ दिसला की चढायची. चेन करकर करायला लागली की मी तेल घालायचो. पुन्हा करकर, पुन्हा तेल. इतकं तेल मी केसांना घातलं असतं तर आज चित्र वेगळं दिसलं असतं.

दसरा उजाडला! सकाळी मी अंगणात सायकल उलटी केली, जुनी चेन काढली, कपाटातून नवी काढली, तिला हळद-कुंकू वाहिलं आणि स्वतःच्या हातानं बसवली. हँडलला झेंडूची माळ, सीटवर आपट्याची पानं. काय झळकत होती चेन! वसुधानं ओवाळलं, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “जमतं हो तुम्हाला!” माझी छाती दोन इंच फुगली.

आणि फुगलेल्या छातीचा माणूस गप्प बसत नाही. शेजारचे मुळेकाका-काकू लेकीकडे देवासला निघाले होते आणि त्यांच्या फाटकाची कडी नेमकी तुटली होती. काका सुतळी शोधत होते.

“सुतळी कसली काका, ही घ्या!” म्हणत मी आमची जुनी चेन त्यांच्या फाटकाच्या दोन्ही गजांतून फिरवली आणि हत्यारानं पिन दाबून टाकली. “आता कुणाचा बाप उघडू शकत नाही. परवा आलात की मला हाक मारा.”

“वा रे पठ्ठ्या!” काका खूश. मी तर त्यांच्याहून खूश. एकाच सकाळी दोन घरांचा उद्धार!

दुपारी श्रीखंड-पुरी हाणून मी आडवा झालो आणि वसुधा जरा चेन बघून येते म्हणून पुलाच्या चढावर गेली. वीस मिनिटांनी परत आली ती सायकल हातात धरून, लंगडत.

“काय झालं?”

“चढावर जोर लावला की कट्‌कन सटकते. पॅडल रिकामं फिरतं. गुडघा हँडलवर आदळला.”

“असं कसं होईल? नवीन चेन आहे!”

मी स्वतः बसलो, चढावर जोर लावला. कट्ट! खाडकन! माझाही गुडघा गेला. घरी येऊन राजूभियाला फोन लावला.

“नई चेन डाली? और कैसेट वही पुरानी?”

“हो.”

“और बीच के छह महीने भाभीजी किस पर चलीं?”

“जुन्याच चेनवर.”

“भिया,” राजूभियानं मोठा श्वास घेतल्याचं मला फोनवर ऐकू आलं, “दाँते सब घिस गए होंगे. घिसे दाँतों पर नई चेन बैठेगी ही नहीं, फिसलेगी. कैसेट भी बदलनी पड़ेगी.”

“मग बदल ना! मी आत्ता येतो!”

“आज? आज तो औज़ार पूजा में रखे हैं, हाथ नहीं लगाऊँगा. बाज़ार भी बंद है.”

“अरे पण उद्या पहाटे जानापाव आहे!”

“तो एक ही इलाज है. पुरानी चेन वापस डाल दो. वो और कैसेट साथ-साथ घिसे हैं, दोनों की पटती है. कल का दिन निकल जाएगा, परसों दोनों साथ में नए डालेंगे. पुरानी चेन फेंकी तो नहीं ना?”

फेकली नव्हती. वाईट म्हणजे, दान केली होती!

फोन स्पीकरवर होता. वसुधानं सगळं ऐकलं होतं. ‘सब बढिया’ म्हणून मी उन्हाळ्यात जे दडवलं तेही आता उघडं पडलं होतं. ती ओरडली असती ना, तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. हेल्मेट खुंटीला टांगलं आणि एवढंच म्हणाली, “राहू द्या. पुढच्या वर्षी बघू.” एवढी मोठी बाई, पोरांना रोज त्रिकोणमिती शिकवणारी, आणि डोळे भरून आले होते तिचे. मी हत्यार उचललं आणि अनवाणीच मुळेकाकांच्या फाटकाकडे धावलो.

दिवस मावळत होता. मी फाटकासमोर उकिडवा बसलो, चेन पकडली आणि पिन काढायला लागलो. सकाळी मी ती इतक्या जोशात दाबली होती की आता हलता हलेना. (कुणाचा बाप उघडू शकत नाही म्हणालो होतो. त्यात मीही आलो हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.) हात कोपरापर्यंत काळे, घाम पुसून पुसून तोंडही काळं. एवढ्यात मागून आवाज आला.

“एक मिनिट. इथे काय चाललंय तुमचं?”

वळून पाहिलं, तर समोरच्या इमारतीत पुण्याहून नुकताच बदलून आलेला निनाद. मी त्याला ओळखत होतो, तो मला ओळखत नव्हता.

“मी शेजारी राहतो.”

“शेजारी बेल वाजवतात.”

“घरात कुणी नाही, म्हणून तर...”

“हं! म्हणून तर!” निनादनं मोबाइल काढला. “काका, हलू नका. मी मुळ्यांना व्हिडिओ कॉल करतोय.”

पन्नाशीच्या आतल्या माणसाला काका म्हणतो! मी चिडून उठलो, तर हातातलं हत्यार बघून तो दोन पावलं मागे सरकला आणि मोठ्यांदा ओरडला. झालं! दसऱ्याचं सोनं वाटायला निघालेली अर्धी गल्ली गोळा झाली. फोनमध्ये मुळेकाका आले.

“अरे निनाद, हा चोर नाही रे, आपला श्रीकांत आहे. पण काय रे श्रीकांत, सकाळी तूच बांधलंस ना फाटक?”

“हो काका. ती चेन परत हवीय.”

“दिलेली?”

“हो.”

“दसऱ्याच्या दिवशी?”

मागून काकूंचा आवाज आला, “अहो, त्यांच्याकडे पैशाची काही अडचण आहे का, नीट विचारा ना!”

गल्लीतले सगळे माझ्याकडे कणवेनं पाहायला लागले. दोघातिघांनी आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, माझे हात हातात घेतले आणि कोपरापर्यंत काळे होऊन मागे सरले. तेवढ्यात लंगडत वसुधा आली. तिनं गर्दी पाहिली, निनादला पाहिलं, मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुम्ही ओळखता ह्यांना?” निनादनं विचारलं.

वसुधानं उत्तराला जरा वेळ लावला. मला वाटतं, विचार करत होती.

“मिस्टर आहेत,” ती शेवटी म्हणाली, “धरा हो जरा ती चेन दुसरीकडून.” आणि निनाद, वसुधा आणि मी, तिघांनी मिळून ती पिन काढली! फाटक मोकळं सोडता येईना, म्हणून मी सायकलवरची नवी चेन काढून आणली आणि तिथे बांधली. हळद-कुंकवासकट. आमच्या इतिहासात पहिल्यांदाच जुनीचा जीव जाण्याआधी एखादी नवीन वस्तू रोजच्या वापरात आली, ती शेजारच्या फाटकाला!

जुनी चेन सायकलवर चढवून वसुधा पुलाच्या चढावर जाऊन आली. एकदाही सटकली नाही. तरीपण मला रात्रभर झोप लागली नाही. पहाटे मी पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो.

“तुम्ही कशाला?” वसुधा म्हणाली.

“मेकॅनिक नको सोबत?”

ग्रुपमधल्या सगळ्या बायका हसल्या. बातमी गल्लीबाहेर पोचली होती तर!

मी त्या शेवटच्या वळणावर उतरून थांबलो. एकेक जण चढत आली, गेली. मग वसुधा दिसली. तोंड लाल, दात आवळलेले, गुडघ्याला पट्टी. वळण आलं, चढ उभा झाला, ती सीटवरून उठली आणि सगळा भार पॅडलवर टाकला. मला राहवेना! मी सायकलच्या मागे पळायला लागलो, कान मागच्या चाकाकडे.

“धरलंय वसुधा! चेननं धरलंय! मार! मार पॅडल!”

“अहो, सरका! चाकात याल!”

“नको थांबू! टेकवू नको पाय! शाब्बास!”

आणि तिनं वळण घेतलं हो! पाय न टेकवता घेतलं! मंदिराच्या दिशेनं ती सरसर निघून गेली आणि मी एवढा ओरडलो की झाडावरची माकडं पळाली. आनंदानं माझ्या डोळ्यांपुढे तारे चमकले. मग नुसतेच तारे चमकले. मग मी रस्त्याच्या कडेला बसलो, आणि मग आडवा झालो.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला: ‘सभी बहनों ने बिना पैर टिकाए जानापाव की चढ़ाई पूरी की. एक पतिदेव को पिकअप में लिटाकर ऊपर लाना पड़ा.’

माझं नाव लिहिलं नव्हतं, तेवढी अब्रू राखली त्यांनी. पण त्या मेसेजला सगळ्यात पहिला अंगठा कुणाचा आला म्हणता? वसुधाचा!