अंडी झेलण्याचा अभ्यासक्रम

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से खडूच्या भुकटीसारखे साचतात. रोज झटकले तरी उद्या पुन्हा आहेतच! धारवाडच्या एका मराठी शाळेत मी भाषा शिकवायची. हे किस्से शहाऐंशी सालचे, आणि सगळे एकाच वस्तूपायी घडलेले. माझ्या भावानं मस्कतहून व्हिडिओ गेम आणला होता, पावडरच्या डबीएवढा. वरून कोंबड्या अंडी टाकणार, खाली टोपलीवाल्यानं ती झेलायची.

आता हसू येतं. तेव्हा मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. माझी अंजू आमच्याच शाळेत सहावीत. तोंडी विचारा, फडाफडा सांगायची. पेपर पुढं आला की हात गारठायचा. गणिताचा पेपर तिनं दोनदा कोरा दिला होता! चुकेल म्हणून लिहायचंच नाही. ही भीती घातली कुणी? मीच. वहीत एक खाडाखोड दिसली की अख्खं पान पुन्हा लिहायला लावायची मी. त्यात हा गेम आला म्हणजे उरलासुरला अभ्यासही जाणार, या धास्तीनं मी तो स्टाफरूमच्या कपाटात आणून ठेवला.

*

गणिताचे हिरेमठ सर घरी कन्नड बोलायचे. शिकवणाऱ्या बाईंना आमच्या भागात म्हणतात तसं 'अक्कोर' म्हणायचे. गेम बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"एन री इदु, अक्कोर! काय हो हे! पोरांचं डोळं जातंय की यानं!"

विज्ञानाच्या देशपांडेबाई उसळल्या, "उलट हात आणि डोळा जुळतो. शैक्षणिक आहे हे!"

वाद हेडसरांकडे गेला. त्यांचा जन्म वर्ग तपासण्यात गेलेला. मोकळ्या तासाला त्यांनी गेमचीही रीतसर तपासणी केली आणि रजिस्टरमध्ये शेरा मारला: "टोपलीवाला चपळ. शिस्त बरी. पाठांतर शून्य. एकंदर साधारण!"

*

त्या रविवारी हिरेमठ सर हुबळीला गेले. स्टेशनजवळ व्हिडिओ गेमचं दुकान निघालं होतं. "आमची पोरं दिसली तर कान धरून आणतो!" असं सांगून गेले होते.

पोरं दिसली. सरांना बघताच मशीन तसंच चालू टाकून पळाली. सर परतले ते थेट संध्याकाळी, एकटेच.

"अहो, पोरं कुठायत?" आम्ही सोमवारी विचारलं.

"कसं आणू हो? मशीनमधलं विमान हवेत सोडून गेले की! मी हात काढलो असतो तर पडलं असतं!"

*

मी ठरवलं, गेम शैक्षणिक नसेल तर आपण करू. बी.एड. कशाला केलं मग! पाठाचं टाचण काढलं. उद्दिष्ट, साधन, मूल्यमापन, सगळं. गेम घरी नेला. डाव सुरू करण्याआधी एक पाढा, डाव संपला की प्रश्न: "यातून काय शिकलीस?"

दोन दिवस अंजूनं निमूट उत्तरं दिली. "सावध राहावं." "अंडी पौष्टिक असतात." तिसऱ्या दिवशी तिनं गेम माझ्यापुढं ठेवला.

"आई, तूच खेळ. मला याचा पण पेपर नको."

मी टाचण फाडलं, गेम तिच्या दप्तराशेजारी ठेवला आणि तोंड शिवून घेतलं. मास्तरणीला याहून मोठी शिक्षा नाही!

*

चार दिवसांनी मी भाकरी थापत होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "गेलं!" थोड्या वेळानं, "हेही गेलं!"

डोकावून बघितलं. अंडी पटापट फुटत होती आणि अंजू हसत होती. माझी अंजू, चुकून, हसत होती! तव्यावरची भाकरी करपली तरी मी हलले नाही.

पण सहामाही आठ दिवसांवर आली होती. "पुस्तक घे" हे शब्द ओठांपर्यंत यायचे, मी गिळायची. शेवटी न राहवून नवऱ्याला विचारलं, "अहो, माझं चुकत तर नाही ना?"

वर्तमानपत्रातून डोकं न काढता ते म्हणाले, "चुकलं तर चुकलं."

त्यांना काय जातंय बोलायला!

*

सहामाही झाली. आठवड्यानं हिरेमठ सरांनी माझ्यापुढं अंजूचा गणिताचा पेपर आपटला.

"बघा अक्कोर, मुलीचं काम! चार पानं लिहिलीय, एक ओळ सरळ नाही. खोडलंय, परत लिहिलंय, परत खोडलंय! इतकी वर्षं शिकवतोय, असला घाण पेपर बघितलो नाही!"

मी पेपर हातात घेतला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निळी शाई. अक्षरं दिसेनात, चष्मा काढून पुसला तरी दिसेनात.

मधल्या सुट्टीत मी स्वतः लाइन बाजारात गेले, पेढे आणले आणि अख्ख्या स्टाफरूमला वाटले.

हिरेमठ सरांनी पेढा तोंडात टाकला. "कशाचे हो, अक्कोर?"

"अंजूच्या गणिताच्या पेपरचे."

सरांना ठसकाच लागला. "अहो, नापास झालीय ती! शंभरात सव्वीस!"

"हो ना," मी म्हटलं. "अजून एक घ्या!"