टाकीत उतरा, साहेब

माझ्या मावशीचं एक आहे, ती काही विसरत नाही. शेजारणीने एकदा तिची कपडे वाळत घालायची दोरी कापली, तर मावशी त्या बाईच्या लेकीच्या लग्नाला नटूनथटून गेली आणि पाण्याचा घोटही न घेता परत आली. अशा बाईच्या नवऱ्यावर खोटा आळ घ्यायचा म्हणजे माणसाने आधी विचार करायला हवा होता. आमच्या साहेबांनी तो केला नाही.

आमच्या सिमेंटच्या कारखान्यात भट्टीचा धूर थेट आभाळात सोडत नाहीत, आधी एका उंच टाकीतून नेतात. टाकीत टेकडीखालून काढलेली चिकणमाती असते, सुकवून, दाणे करून भरलेली. धुरातला कार्बन डायऑक्साइड ही माती अंगात धरून ठेवते. तापवली की सोडते. तो नळाने काढून घ्यायचा आणि तीच माती पुन्हा कामाला लावायची. पण तळाशी तिचे गठ्ठे बसतात आणि ते फोडायला शिडीने माणूसच उतरवावा लागतो. त्याआधी पंख्याने ताजी हवा भरायची असते, कारण उरलेला वायू जड, तो तळाशी दबा धरून बसतो. त्याला ना रंग, ना वास.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, गठ्ठे फोडायला उतरले ते परत चढलेच नाहीत. पंख्यात वेळ जातो म्हणून साहेबांनी तो लावू दिला नव्हता. चौकशीत मात्र ते म्हणाले, "पिऊन आला होता, तोल गेला." काका खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून मग घ्यायचे. तरी लोकांनी साहेबांचंच खरं मानलं. खुद्द काकांच्या आईने पोटच्या मुलाचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेच्या तळाशी घातला. मावशीला ते सर्वांत जास्त लागलं.

तिने काकांच्याच जागेवर काम मागून घेतलं. बिचारी पोटासाठी करते, असं सगळे म्हणाले. पोट कसलं, तिला साहेब हवे होते.

टाकीवर तिने एक पद्धत पाडली. उतरण्याआधी डब्यात मेणबत्ती पेटवून दोरीने खाली सोडायची, विझली तर कुणी उतरायचं नाही. साहेब पंखा नको म्हणाले, तरी त्यांची पाठ वळली की ती तो लावायची. दोरी धरायचं काम माझं.

मग एकदा मुख्य कचेरीतून पाहुणे आले. साहेबांना मिरवायची घाई.

"पंखा राहू दे, वेळ नाही," ते म्हणाले.

"बरं," मावशी म्हणाली, आणि खरंच लावला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने त्यांचं ऐकलं. मी डब्यात मेणबत्ती पेटवून ठेवली.

साहेब पाहुण्यांना सांगत होते, "आमची टाकी घराइतकी सुरक्षित. मी स्वतः केव्हाही उतरेन."

मावशीने शिडी लावली. स्वतःचं हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिलं. "उतरा, साहेब. पाहुण्यांना गठ्ठा काढून दाखवा."

नाही कसं म्हणणार? साहेबांनी शिडीवर दोन पावलं टाकली. मी न विचारताच मेणबत्ती खाली सोडली. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या तोंडचा घास काढून घेतला होता. ज्योत तळाशी पोहोचायच्या आतच विझली.

"वाऱ्याने गेली असेल," एक पाहुणे म्हणाले.

"हो, वाराच," मावशी म्हणाली. "उतरा तुम्ही."

साहेब हलले नाहीत. मग धडपडत वर आले, कपाळ पुसत म्हणाले, "आत वायू साचलाय. दोन श्वासांत माणूस आडवा होईल. कुणीही होईल."

"न पिता?" मावशीने विचारलं.

पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. आमची सगळी माणसं भोवती उभी होती. साहेबांनी खाली मान घालून हेल्मेट तिच्या हातात परत दिलं, आणि काय ते सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी काकांच्या आईंनी ट्रंक उघडली. फोटो पदराने पुसता पुसता त्या रडत होत्या. मावशी स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होती.

"झालं ना आता मनासारखं?" मी विचारलं.

तिने खिळा हलवून पाहिला, पक्का बसला होता.

"तू मेणबत्ती सोडायला नको होतीस," ती म्हणाली.