नानांची कागदावरची बायको

आमच्या धुळ्याच्या देवपुरात जीवराम नानांएवढं वेळेवर आजारी पडणारं दुसरं कोणी नाही. महिन्यातला एक बुधवार ठरलेला. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. नाना निघाले की मी ओट्यावरून विचारणारच, "काय नाना, आज काय दुखणार?"

"पोट. जेवणानंतर जळजळ," नाना कुलूप ओढून बघत म्हणायचे.

"आणि बरं कधी वाटणार?"

"चहा आला का."

नाना एसटीत होते, धुळ्याच्या स्टँडवर. माइकसमोर बसून चाळीसगावची, पिंपळनेरची गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगण्यात जन्म गेला. सकाळी जो आवाज, तोच संध्याकाळी. लग्न केलं नाही. का केलं नाही यावर गल्लीत तीन मतं आहेत, त्यातली दोन माझी. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरातच कोंडला. बोलायला उरला दूधवाला, आणि तो गाडी बंद न करताच दूध ओततो.

अशात ते बँकेत पेन्शनच्या रांगेत मेडिकल कॉलेजच्या डॉक्टर दिपमाला मॅडमना सापडले. मॅडम मूळ जळगावच्या, आणि काम जरा उलटंच. शिकाऊ डॉक्टरांना शिकवणारे जे मोठे डॉक्टर, त्यांना ह्या शिकवतात, पोरांची पारख कशी करायची ते. जळगाव-धुळ्याकडचे प्राध्यापक भिंतीला लागून बसतात. मधोमध शिकाऊ डॉक्टर पेशंट तपासतो. सगळे आपापले मार्क देतात आणि मग जुंपते. एकाच पोराला तुम्ही चार दिले, ह्यांनी नऊ कसे? त्यासाठी सोंग घेणारा पेशंट असा लागतो की जो प्रत्येकाला तेच दुखणं त्याच शब्दांत सांगेल. नाहीतर चूक पेशंटची का परीक्षकाची, कळायचं कसं? असा माणूस नानांशिवाय कोण?

दुखणं टाइप होऊन आलं. त्यात एक ओळ होती, घरी पत्नी, स्वयंपाक तिखट करते. एवढंच. पण साठी उलटल्यावर नानांना बायको मिळाली.

मला तर खेळणंच सापडलं. संध्याकाळी ते परतले की मी विचारायचो, "काय नाना, वहिनींनी आज काय केलं?"

"शेवभाजी," नाना कपाळाला हात लावून सांगायचे. "सांगून सांगून थकलो, तिखट कमी टाक. ऐकते का?"

आणि आत जाऊन स्वतः मुगाची खिचडी लावायचे. शिट्टी आमच्या घरात ऐकू यायची. एकच.

कॉलेजात नाना कागदाबाहेर एक शब्द बोलत नसत. पण माझ्या ओट्यावर दोन वर्षांत वहिनी चांगल्याच वाढल्या. नाव सुंदरबाई. माहेर बोदवड. मोबाइल वापरता येत नाही, रागावल्या की भांडी आपटतात. गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, "म्हाताऱ्याची काय चेष्टा लावली?" पण नानाच वाट बघायचे ना मी विचारायची! एकदा मी विसरलो तर दोनदा खाकरले.

ह्या फेब्रुवारीत नवीन कागद आला. नाना तो घेऊन माझ्या दारात, चपला न घालता.

"भाऊ, मन्ही बायकोले मारी टाकं त्यास्नी."

मी खो खो हसलो. मग कागद वाचला. पोट तेच, जळजळ तीच. पण आता झोप नाही, वजन उतरलेलं. पत्नी दिवाळीनंतर वारली. पेशंट हे आपणहून सांगत नाही. डॉक्टरनं विचारलं आणि वेळ दिला, तरच सांगतो.

"मॅडमला फोन केला," नाना म्हणाले. "म्हटलं, तिला बोदवडला माहेरी पाठवा, चालेल का? म्हणे, नाही नाना. पोरगा तिथवर पोहोचतो का, हेच तर परीक्षकांनी ओळखायचंय. जमणार नसेल तर मोकळेपणानं सांगा, दुसरा माणूस बघते."

"मग?"

"मग काय? बुधवार गेला तर मला कसं वाटतं, हे विचारणारं कोण आहे?"

मी होतो की समोर. पण मी तर कायम काय दुखतंय तेवढंच विचारलेलं.

बुधवारी मीच स्कूटरवर सोडलं आणि मॅडमच्या परवानगीनं मागच्या खुर्चीत बसलो. पहिला आला तो ललित नावाचा चुणचुणीत पोरगा. पोट दाबलं, जीभ बघितली, विचारलं, "घरी कोण कोण असतं, बाबा?"

नाना म्हणाले, "बायको आहे."

भिंतीकडची पेनं थांबली. मॅडमनी नानांना दाराशी नेलं. हळूच बोलत होत्या, पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत.

"नाना, त्या पोरानं बरोबर विचारलं होतं. तुम्ही उत्तर बदललंत तर त्याच्यावर अन्याय होतो."

"चुकलं, मॅडम. एक संधी द्या."

पुढे आली पुनम. बारीक आवाजाची, घाबरलेली. पोटाचं सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "बाबा, तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?"

नाना गप्प. पुनमनं पेन खाली ठेवलं आणि तीही गप्प. पंख्याचा आवाज तेवढा. एका प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं. नानांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, परत लावलं.

"माझं मीच करतो," ते म्हणाले. "ती गेली."

हा स्टँडवरचा आवाज नव्हता. मी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

मग जुंपली. घड्याळवाल्या सरांनी कमी मार्क दिले होते. म्हणे, पोरगी प्रश्नच विसरली, नुसती बसून राहिली. त्यांच्या शेजारच्या प्राध्यापक बाईंनी भरपूर दिले होते. मॅडमनी पेशंटलाच विचारलं, "नाना, तुम्ही सांगितलंत ते कशामुळे?"

"ती थांबली म्हणून," नाना म्हणाले. "नाहीतर मी कशाला सांगतो?"

सरांनी आपला आकडा खोडला. मॅडम खूश झाल्या. ललितला पुन्हा बोलावलं, मग आणखी पोरं आली, आणि नाना प्रत्येकाला तेच सांगत गेले. दिवाळीनंतर. माझं मीच करतो. ती गेली. शेवटी शेवटी आवाज पुन्हा स्टँडवरचा झाला, एकसारखा. मॅडम म्हणाल्या, "फार छान, नाना. पुढच्या महिन्यातही हाच पेशंट."

परतताना नाना स्कूटरवर मागे बसले होते, पण वजन जाणवत नव्हतं.

संध्याकाळी ते ओट्यावर आले. माझ्या तोंडात सवयीनं तो प्रश्न आलाच होता. गिळला. नाना वाट बघत बसले, मग उगाच खाकरले. मला राहवेना. म्हटलं, "नाना, मनाला लावून घेऊ नका. मॅडमना सांगू, पुढच्या कागदात दुसरी बघा म्हणून. ह्या वेळी कमी तिखट करणारी."

नाना थोडंसं हसले. किल्ली काढली, उठले. दार उघडून आतल्या अंधाराकडे बघत म्हणाले,

"तिचं वरीस तर होऊ दे, भाऊ."