देव्हाऱ्याखालचा सर्व्हर

पायमोज्यांनी सर्व्हर मारणारा मीरा-भाईंदरमधला, आणि बहुधा जगातलाही, मी एकटाच माणूस असेन. ऑगस्टात कपडे वाळत नाहीत. आमच्या छापखान्यातल्या सर्व्हरच्या पाठीतून मात्र दिवसभर गरम वारा यायचा. म्हणून मी दोन ओले पायमोजे तिथल्या जाळीवर पसरले आणि मोठ्या समाधानाने चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा पायमोजे कडकडीत वाळले होते आणि सर्व्हर बंद पडला होता. घाबरून मी बटण चार-पाच वेळा दाबलं, तर आतून करपल्याचा वासही आला. छापखान्यातली प्रुफं बायकोच वाचते. तिने कागदावरची नजर न उचलता सांगितलं, "भाऊजींना फोन लावा." त्या क्षणी जगातल्या कुणालाही फोन करायची माझी तयारी होती. फक्त भाऊजी सोडून.

भाऊजी म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. सर्व्हर विकत घेऊ नका असं सांगून सांगून मोठा झालेला दुसरा कॉम्प्युटरवाला माझ्या पाहण्यात नाही. लहान धंदेवाला हौसेने म्हणणार, "साहेब, एक सर्व्हर बसवायचाय," आणि हे शांतपणे विचारणार, "माणसं किती?" सहा म्हटलं की हे हसणार. "सहा माणसांना सर्व्हर म्हणजे राजाराणीच्या संसारात भंडाऱ्याची कढई." मग ते एक वर्कस्टेशन आणून ठेवतात. दिसायला साधा डेस्कटॉपच, फक्त जरा अंगापिंडाने भरलेला. आत दोन डिस्क, एकीवर असेल ते सगळं दुसरीवर. त्याच्या बटणावर ते बाटलीचं झाकण चिकटवतात, म्हणजे कुणाचा गुडघा लागून बंद पडायला नको. खाली पाट, म्हणजे फरशी पुसणाऱ्या बाईंचं पाणी लागायला नको. हत्यारं म्हणाल तर खिशात एक स्क्रू-ड्रायव्हर आणि धूळ झाडायला रंगाचा जुना ब्रश. एवढ्या भांडवलावर माणूस भाईंदर पश्चिमेला नगराध्यक्षासारखा फिरतो.

पण त्यांची खरी विद्या वेगळीच. लहान ऑफिसांतून शेवटी निघणारा माणूस विजेची सगळी बटणं पटापट बंद करून जातो, हे त्यांनी फार पूर्वी हेरलं. सगळी, एक सोडून. देव्हाऱ्यातल्या लाल दिव्याचं बटण कुणी बंद करत नाही. मग काय, भाऊजींचं मशीन त्याच बोर्डाला लागतं! इंद्रलोक भागातल्या क्लासवाल्याकडे ते गणपतीखाली आहे, बाजारातल्या गुजराती कापडवाल्याकडे अंबामातेखाली, उत्तनच्या एका बर्फवाल्याकडे क्रुसाखाली. एकदा दातांचा एक कट्टर नास्तिक डॉक्टर भेटला. मला आतून गुदगुल्या झाल्या. आता कसे अडकले! भाऊजींनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "डॉक्टर, आईचा फोटो आहे का घरी?" आज त्या दवाखान्यात हार घातलेल्या आईखाली दिवा जळतोय आणि दिव्याखाली मशीन चालतंय. डॉक्टर आल्यावर आधी फोटोसमोर उभा राहतो म्हणे. यावर माणसाने जळायचं नाही तर काय करायचं?

स्टेशनपासून माझ्या छापखान्यापर्यंत मी एकटा सात मिनिटांत पोचतो. भाऊजींबरोबर पाऊण तास लागतो. दर चौथ्या दुकानातून हाक येते. "अरे साहेब, आपका मशीन तो पाँच साल से सोया ही नहीं! चाय पीके जाव ने!" मग त्या कापडवाल्याची नजर माझ्याकडे वळते. "ये आपके साथ में काम करते हैं?" सासूबाईंचं तर विचारूच नका. गरम पोळी आली की पहिली थोरल्या जावयांच्या पानात. "त्यांनी अख्ख्या भाईंदरला वळण लावलं हो," त्या म्हणतात. मी आपला उगाच खाकरतो. मग म्हणतात, "तुम्ही पत्रिका छान छापता."

या एका वाक्यापायी मी सर्व्हर घेतला. खराखुरा, लोखंडी, कपाटात आडवा बसणारा. भाऊजी "नको" म्हणाले म्हणूनच घेतला. तो विमानासारखा घोंघावायचा, त्याला थंडावा लागतो म्हणून एसीही बसवला. गिऱ्हाइकं नवऱ्यामुलाचं नाव मला ओरडून सांगायची. पण भाऊजी आले की मी त्याच्यावरून मुद्दाम हात फिरवायचो, आणि ते त्या हाताकडे बघत राहायचे. तेवढं सुख मला पुरे होतं.

आणि आता तो गेला होता. त्याच्याबरोबर उत्तनच्या एका लग्नाचं, चर्चमधल्या मिस्साचं पुस्तकही गेलं होतं. प्रार्थना, गाणी, घरच्यांची नावं, सगळं तयार. आज शुक्रवार, लग्न रविवारी. मुलीचे वडील, उत्तनचे काका, समोर स्टुलावर बसून विचारत होते, "पुस्तक हाय का न्हाय, तेवढा सांगा." मी फोन लावला.

भाऊजी अर्ध्या तासात रिक्षातून आले, मांडीवर वर्कस्टेशन घेऊन. आता ऐकवतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी पायमोजे दोन बोटांत धरून उचलले, बघितले आणि विचारलं, "धुतलेले होते ना?" बस, एवढंच. डिस्क काढल्या, ब्रशने झाडल्या, आपल्या मशीनमध्ये बसवल्या. आमच्या गणपतीखाली पाट मांडला. तासाभरात पुस्तक पडद्यावर होतं आणि संध्याकाळपर्यंत छापून, शिवून तयार. उत्तनच्या काकांनी मशीनकडे बोट दाखवलं. "ह्यो कुणी बसवला? आवाज पन न्हाय." भाऊजी आत हात धूत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आपणच. घरच्या घरी."

भाऊजी बाहेर आले ते त्या मेलेल्या सर्व्हरपाशी थांबले. त्याच्या पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला, मी फिरवायचो तस्साच.

"साडूराव, हा मी नेऊ?"

"अहो, मेलाय तो."

"असू दे. लोकांना नको नको सांगण्यात उमर गेली. खोटं नव्हतं सांगत, खरंच लागत नाही कुणाला. पण आपल्याकडे एक असावा, असं मला नेहमी वाटायचं. तुम्ही घेतलात तेव्हा चार दिवस झोप नव्हती मला."

रिक्षात ते धूड मांडीवर घेऊन बसलेले भाऊजी वळणापर्यंत दिसत होते. एसी मी बंद केला. छापखाना इतका शांत झाला, की बायकोच्या पेन्सिलीचा आवाज येऊ लागला.

रविवारी दुपारी जेवताना बायको म्हणाली, "ताईचा फोन होता. भाऊजींनी तो डबा पुसून हॉलमध्ये मांडलाय. येईल त्याला सांगतायत, हा माझ्या साडूंचा, असलं काही घ्यायची छाती घरात त्यांचीच." तिने माझ्या पानात गरम पोळी वाढली आणि शांतपणे विचारलं, "आणि तुम्ही त्या उत्तनच्या काकांना काय सांगितलंत हो, मशीन कुणी बसवलं म्हणून?"