सुकटवाल्या मावशींचं लिफाफ्यातलं मत

चिंचणीच्या सुकटवाल्या मावशींना कुणी ‘नाही’ म्हटलं, की त्या आधी त्याचं नाव विचारत. बँकेत, रेशनच्या दुकानात, एकदा तर एसटीच्या कंडक्टरलाही. “बिननावाचं ‘नाही’ मी घेत नाय,” म्हणत.

आठवड्यातून दोनदा त्या डहाणूला आमच्या दारी येत. मी तलासरीतला शिक्षक, म्हणून मला ‘मास्तर’ म्हणत. पण अरेतुरेच करत. टोपली उतरवली की पाणी पिऊन एखादा सरकारी कागद पुढे करत. “सगळं वाच. मधलं गाळू नको.”

त्या विधानसभेला माझी ड्यूटी चिंचणीच्या शाळेत लागली. यादीत नाव शोधून खूण करायचं काम माझं. दुपारी मावशी आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. त्यांच्या नावावर आधीच खूण होती.

“तुमचं मत झालंय, घरी जा,” केंद्राध्यक्ष म्हणाले.

मावशींनी डावा हात वर केला. “झालं तर शाई कुठंय? नाव सांग तुझं.”

मी यादी पुन्हा पाहिली. सकाळी त्याच नावाची दुसरी बाई येऊन गेली होती. नवऱ्याचं नाव न बघताच मी मावशींच्या ओळीवर खूण केली होती. केंद्राध्यक्ष कानाशी कुजबुजले, “गप्प राहा, नोटीस निघेल.” मी चूक कबूल केली नाही. एवढंच म्हणालो, “साहेब, नावावर आधीच मत पडलं असेल, तर कागदावर वेगळं प्रदत्त मत देता येतं.” त्यांनी ओळखपत्र तपासून कागदी मतपत्रिका दिली. मावशींनी सही केली, शिक्का मारला. मत यंत्रात नाही, वेगळ्या लिफाफ्यात गेलं.

निकालानंतर त्या दारी आल्या. टोपली उतरवलीच नाही. “माझं मोजलं?”

“ते आपोआप मोजत नाहीत, मावशी. पंचेचाळीस दिवसांत हायकोर्टात याचिका करावी लागते. कोर्टानं सांगितलं तरच लिफाफा उघडतात.”

त्या वकिलाकडे जाऊन आल्या. हजारोंच्या फरकानं लागलेला निकाल एका मतानं हलत नाही, असं त्यानं सांगितलं. पण केंद्रावरच्या कुणी चूक लिहून दिली, तर निवडणूक अधिकाऱ्याकडे तक्रार तरी करता येईल. मावशी म्हणाल्या, “तू होतास ना तिथं? लिहून दे.” मी ‘बघतो’ म्हणालो. पुढच्या आठवड्यातही ‘बघतो’. मग त्या आमच्या दारी यायच्याच थांबल्या.

मुदत उलटल्यावर मी चिंचणीला गेलो. मावशी काठ्यांवर बोंबील टांगत होत्या. “चूक माझी होती,” मी म्हणालो.

त्यांचे हात थांबले नाहीत. “ठाऊक आहे. यादी बघताना तोंड उतरलेलं तुझं.” मग म्हणाल्या, “तिथंच सांगायचं होतंस. नोटीस आली असती, तर मी आले असते तुझ्यासंगं.”

पुढच्या निवडणुकीआधीच मावशी गेल्या. आता मी ओळीखाली पट्टी धरतो, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मोठ्यानं वाचतो. रांग कुरकुरते. तरी गेल्या खेपेला एक चूक झालीच. मी उठून सगळ्यांसमोर सांगितली. नोटीस आली. खुलासा द्यायला गेलो, एकटाच.