सुसाट नाखव्याचा विमा

सुसाट नाखवा कधी कुठे जाताना कोणाला दिसला नाही. तो निघालेला दिसे आणि मग पोचलेला दिसे. मधला रस्ता त्याच्या आयुष्यात नव्हताच. जेवायला बसला की बायकोचा वाढणारा हात मागे जायच्या आत ताट रिकामं. स्वतःच्या लग्नातही म्हणे मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच यानं हार घालून टाकला होता. मी हे जरा कमी करूनच सांगतोय. सगळं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी अंधेरीत विम्याचा एजंट होतो. स्कूटर, किराणा दुकान, फार तर पिठाची गिरणी, एवढीच माझी झेप. वेसाव्याच्या कोळीवाड्यातला हा नाखवा मला भेटला तो त्याच्या मासळीच्या टेम्पोमुळे, आणि पुढे तो टेम्पोच त्यानं विकला. बापाचं गलबतही विकलं. कारण कस्टमवाल्यांनी चोरट्या मालाची एक बोट पकडली होती आणि ती लिलावात निघाली होती. पकडली म्हणजे काय, तिचं पेट्रोल संपलं म्हणून सापडली. एरवी तिच्या शेपटीला हात लावायला कस्टमला दुसरा जन्म घ्यावा लागला असता. निमुळती चोच, चपटं पोट आणि मागे दोन दांडगी इंजिनं. नाखव्यानं तिचं नाव ठेवलं 'पाखरू'.

मासेमारीला ती बिनकामाची. "भावजी, जाळं टाकायच्या आत ही मासळीच्या पुढं जाते," नाखवीण वहिनी मला म्हणाली. "आता आम्ही खायचं काय, वारा?"

तेवढ्यात देव पावला. एका सिनेमा कंपनीला पाठलागासाठी वेगवान बोट हवी होती. भाडं असं, की वर्षभर चूल पेटली असती. अट एकच: बोटीत हिरो बसणार, तेव्हा बोटीचा विमा पाहिजे. वहिनीनं निकाल देऊन टाकला, "विमा झाला तर बोट राहील. नाय झाला तर गुजरातचा तो बोटवाला केव्हाचा मागे लागलाय, त्याला देऊन टाकणार."

मी अर्ज भरायला बसलो. कमाल वेग किती?

"लिही," नाखवा म्हणाला. "वेसाव्याच्या धक्क्यावर शिंकलो, तर शिंक मढला पोचायच्या आत मी तिकडं रुमाल घेऊन उभा."

"नाखवा, वेग जितका जास्त तितका हप्ता जास्त."

"म्हणजे चांगल्या बोटीला दंड?"

"दंड नाही, जोखीम."

"मग हळू बोट बुडत नाय काय?"

"बुडते. पण हळू."

ऑफिसनं हप्त्याचा अंदाज कळवला तेव्हा सुसाट नाखवा माझ्यादेखत पहिल्यांदा खाली बसला. "अरे, एवढ्यात दुसरी बोट येईल!"

"येईल ना," मी म्हणालो, "पण तिचाही विमा लागेल."

शिवाय अटी होत्या. अंधारात चालवू नये, पावसाळ्यात चालवू नये, शर्यत लावू नये, अनोळखी पाण्यात नेऊ नये. थोडक्यात, बोट धक्क्याला बांधून तिच्यावर ताडपत्री टाकली तर कंपनी आनंदानं जोखीम घ्यायला तयार होती. शेवटचा निर्णय मात्र सर्व्हेअर बोटीत बसून देणार होता. बोट गरीब दिसली तर हप्ता उतरायची आशा होती. मी आणि वहिनीनं नाखव्याला बजावलं: आज तुम्ही गाय. नाखव्यानं समुद्राकडे बघत मान हलवली.

सर्व्हेअर साहेब मुलुंडचे. कडक इस्त्री, खिशाला पेन. जन्म स्कूटरचे पोचे मोजण्यात गेलेला. कामाच्या दिवशी सवड नव्हती म्हणून बिचारे रविवारी आले. नाखव्यानं बोट अशी चालवली, की खाडीतलं पाणी आमच्या पुढे गेलं. कोंबड्यांनी भरलेली एक वल्ह्याची होडी बाजूनं निघून गेली. होडीतली बाई ओरडली, "काय नाखवा, दोरी टाकू? नेते वढत!" नाखव्याच्या कानशिलावरची शीर दोरखंडाएवढी फुगली, पण हात हलला नाही. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"शिस्तीची बोट आहे," म्हणत साहेबांनी पेन खिशाला लावलं. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "नाखवा, एक विचारू? एवढीच जाते का हो? नाही, आपलं एकदा आयुष्यात..."

नाखव्यानं माझ्याकडे बघितलं. मी 'नको' म्हणून मान इतक्या जोरात हलवली की ती अजून दुखते.

पुढचं मी पाहिलं नाही. माझे डोळे वेसाव्यातच राहिले होते. गोराईचा किनारा स्वतः उठून सामोरा आला म्हणतात. साहेबांचा चष्मा मढला उतरला आणि साहेब बिनचष्म्याचे "अजून! अजून!" ओरडत होते. धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी नाखव्याला कडकडून मिठी मारली, डोळे पुसले आणि तिथंच उभं राहून रिपोर्ट लिहिला: या बोटीचा विमा कोणत्याही हप्त्यावर उतरवू नये, एक इंजिन काढल्यास विचार व्हावा.

"अवो, तुमीच बोलला ना!" नाखवा कळवळला.

"नाखवा," साहेब म्हणाले, "रविवार माझा होता. रिपोर्ट कंपनीचा आहे."

एक इंजिन निघालं. गोधडीत गुंडाळून ते घरात पाहुण्यासारखं बसलं. पॉलिसी आली, भाडं आलं, शूटिंग झालं. गुबगुबीत हिरोला घेऊन ती बोट भरल्या दिवसांच्या म्हशीसारखी चालली. कॅमेरावाला म्हणाला, "टेन्शन नको. आम्ही कॅमेरा हळू फिरवतो, पडद्यावर सुसाट पळते."

सिनेमा लागला तेव्हा अख्खा कोळीवाडा अंधेरीच्या थिएटरात. पडद्यावर 'पाखरू' विजेसारखी निघाली. शिट्ट्या, चिल्लर, टोप्या! मी नाखव्याला ढोसलं, "बघा काय पळतेय!"

"ती नाय पळत. फसवतायत."

"पण नाखवा, खरी तर याहून पळायची ना?"

"पळायची तवा सगळे बोलायचे, नाखवा थापा मारतो," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "आता थाप हाय, तर शिट्ट्या मारतात."

दुसऱ्या दिवशी पॉलिसी माझ्या टेबलावर. "घे. दुसरं इंजिन लावलं."

"अहो, आता कुठली सिनेमा कंपनी बोट भाड्यानं घेणार नाही. वहिनी काय म्हणाल्या?"

नाखवा चक्क लाजला. "तीच बोलली. बोलली, मना तू बोटीत कवा बसवलाच नाय."

पुढे दोन वर्षांत पेट्रोलच्या खर्चानं 'पाखरू' गुजरातच्या त्या बोटवाल्याकडे गेलीच, आणि नाखवाही गेला, नेहमीच्या घाईनं, डॉक्टर जिना चढायच्या आत. पण मला आठवते ती पॉलिसी परत केली त्या दिवशीची संध्याकाळ. मी धक्क्यावर उभा. वहिनी नवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून बोटीच्या चोचीशी बसलेली. विमा कसलाच नाही. नाखव्यानं दोन्ही इंजिनं सोडली. वहिनी मोठ्यानं ओरडली. भीतीनं की आनंदानं, ते मला कळायच्या आत ती दोघं दिसेनाशी झाली होती.