अण्णांनी इंजिन उतरवू दिलं नाही

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी जालन्याच्या एका स्टील कारखान्यात वजनकाट्यावर असतो. काटा जे दाखवेल तेवढंच लिहायचं, ही नोकरी आणि आता स्वभावही. त्यामुळे पुढचं सगळं तपासून मगच लिहितोय.

आमचं घर अंबडला. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी बीटल गाडी अंगणात उभी असते. इंजिन मागच्या बाजूला, हवेवर थंड होणारं. अण्णांनी ते कायम घरीच दुरुस्त केलं, तेही कधी न उतरवता. मी गाडीखाली आडवा, ते मागे पुलीपाशी, म्हणजे इंजिन ज्या चाकाने हातानं फिरवता येतं त्यापाशी. मी ओरडायचं, "फिरवा!" की ते हाताने पुली अर्धा फेरा उलटी फिरवणार आणि पुलीवरची खूण जुळली की पत्र्यावर दोनदा टकटक करणार. मग मी त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हची फट मोजून लावायची – पंधरा शतांश मिलिमीटर. पुली सरळ फिरवली तर सिलिंडरचा क्रम चुकतो.

दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं. त्यानंतर त्यांनी एकच गोष्ट मागितली – शहागडच्या पुलावरून गोदावरी बघायची, पण आपल्याच गाडीतून. आणि गाडी तर धूर ओकत होती... पुशरॉडची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांडीची, पत्र्याची नळी फुटून तापलेल्या सायलेन्सरवर तेल गळत होतं. मेकॅनिक म्हणाला, "काका, विंजन खाली घ्यावं लागतंय."

अण्णांनी खाटेवरूनच डावा हात हलवला. "उतरवायचं... न्हाई."

मग दाबली की आखूड होणारी स्प्रिंगची नळी मी मागवली. ती इंजिन जागेवर ठेवूनच बसते. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, व्हॉल्व्हचे रॉकर आणि प्लग काढले, फुटकी नळी काढून नवी बसवली, रॉकर परत लावले. राहिल्या व्हॉल्व्हच्या फटी. पुलीपाशी माझी बायको सुनंदा उभी राहिली.

"कुणीकडं फिरवायचं?"

"उलटं."

"उलटं म्हंजे तुमच्या उलटं का माझ्या? इतक्या वर्षांत अण्णांनी मला गाडीला बोट लावू दिलं का कधी!"

दाखवून मी खाली शिरलो. "फिरव!" पुली फिरली. टकटक. फट लावली. असं चारही सिलिंडरचं झालं, एकदाही खूण चुकली नाही. मी खूश होऊन बाहेर आलो. "वा, तू तर अण्णांच्या वरचढ निघालीस –"

पुलीपाशी कुणीच नव्हतं. सुनंदा घरातून धावत आली.

"अहो, मी तर तुम्ही खाली शिरलात तव्हाच आत गेल्ते! अण्णा खाटेच्या दांडीवर वाजवून राह्यले होते. तुम्हाला दोनदा हाक मारली, तर तुम्ही आपलं 'फिरव, फिरव'!"

"कशानं वाजवत होते?"

"उजव्या हातानं..." मग तिने करून दाखवलं. मनगट हवेत डावीकडे वळलं, थांबलं, दांडीवर दोन टकटक.

मी जमेल तेवढं तपासलं. खिडकी उघडी असली की खाटेची टकटक अंगणात ऐकू येते. तेवढं कोडं सुटलं. पुलीचं सुटलं नाही. गाडी सपाट फरशीवर, न्यूट्रलमध्ये होती. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा पुलीला थोडं ढकलतात हे खरं... पण अर्धा फेरा? तोही दर वेळी खुणेवर? फटी पुन्हा मोजल्या, दर सिलिंडरला दोन अशा आठही बरोबर होत्या. अण्णांचा उजवा हात मात्र त्यानंतर आजतागायत हललेला नाही.

दुपारी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. धूर नाही, वास नाही. शहागडच्या पुलावर थांबता येत नाही, म्हणून त्याच्या अलीकडे, जिथून पात्र दिसतं तिथे, गाडी कडेला घेतली. मागून ट्रक जात होते. अण्णा पाण्याकडे बघत होते. न राहवून मी विचारलं, "अण्णा, सकाळी पुली कुणी फिरवली?"

चूक केल्यावर लहानपणी बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गाडी... कोणाची हाये?"

मागच्या सीटवर सुनंदा फसकन हसली. मीही हसलो. पण उत्तर म्हणावं तर हे उत्तर नव्हे. तुमच्यापैकी इंजिन जाणणाऱ्या कुणाला दुसरं सुचलं तर सांगा. "निघायचं का?" असं मी विचारलं तेव्हा अण्णांनी मान हलवली, नको. मग आम्ही ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिलो.